जपानी टापटीप आणि सुपारीचा बाप्पा

आमच्या घरात टापटीप जपानहून आली. व्हाया गिंडी.

चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत ह्यांची कंपनी आहे. म्हणजे ह्यांच्या मालकीची नव्हे. तिथे मोटारींना लागणाऱ्या कसल्याशा पट्ट्या बनतात आणि त्या सरळ आहेत की वाकड्या, हे आमचे हे बघतात. त्या वर्षी कंपनीत 'फाइव्ह एस' नावाचं प्रकरण आलं. पाच जपानी शब्द, पाचही इंग्रजी 'एस'वरून सुरू होणारे, आणि पाचांचाही अर्थ मला समजला तो एवढाच, की वस्तू जागच्या जागी ठेवा. माझी आई हे एका वाक्यात सांगायची आणि वर एक धपाटा द्यायची. जपानी लोक सभ्य. त्यांच्याकडे धपाटा नसल्यामुळे त्यांना पाच शब्द लागले असावेत.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी ह्यांनी नंगनल्लूरच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बैठक बोलावली. मी, सातवीतली प्राची आणि पहिलीतली कौमुदी असे आम्ही तिघी हजर होतो. ह्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला घराचा नकाशा काढला आणि म्हणाले, "घर आवरणं हे आईचं एकटीचं काम नाही. आजपासून मुलींनी घर आवरायचं."

हे ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते अकाली होतं, हे पुढे कळलं.

प्राचीला 'ऑडिटर' नेमण्यात आलं. कौमुदी लहान, म्हणून तिला 'शाइन' खातं मिळालं, म्हणजे एक ओलं फडकं. मला 'प्रोसेस ओनर' म्हटलं गेलं. त्याचा अर्थ असा निघाला की काम पूर्वीचंच राहील, पण ते चुकलं तर आता नोंद होईल.

पहिली पायरी लाल चिठ्ठीची. जी वस्तू वर्षभरात वापरली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची आणि भोगीच्या दिवशी घराबाहेर काढायची. चेन्नईत भोगीला जुनंपुराणं बाहेर काढतात. माझ्या माहेरी भोगी म्हणजे वांगं, गाजर, पावटा, हरभरा घातलेली भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी. माझ्या मुली जन्मल्या इथे, त्यामुळे त्यांना दोन्ही भोग्या आपल्याच वाटतात. एक खायची आणि एक फेकायची.

तासाभरात घराला गोवर आल्यासारखं दिसू लागलं. ह्यांच्या व्यायामाच्या सायकलवर लाल चिठ्ठी लागली. मी विणायला घेतलेल्या आणि मुलगी वाढत गेल्यामुळे कधीच न संपलेल्या स्वेटरवर लागली. तसं चेन्नईत स्वेटर विणायला घेणाऱ्या बाईवरच लावायला हवी होती, पण मुलींनी आईचा मान राखला. दुपारी हे जरा आडवे झाले, तर कौमुदीने त्यांच्या पोटावर एक चिठ्ठी चिकटवली. विचारलं तेव्हा म्हणाली, "बाबा रविवारी वापरात नसतात."

भोगीच्या सकाळी मी भाजी फोडणीला टाकली, बाजरीचं पीठ मळलं, आणि भाकरीचा लोखंडी तवा काढायला वाकले, तर तवा नाही.

"प्राची, तवा कुठे आहे गं?"

"लाल चिठ्ठी होती आई. वर्षभर वापरला नव्हता."

"अगं, तो भोगीलाच लागतो!"

"मागच्या भोगीला वापरला होतास ना? वर्ष झालं," ऑडिटर म्हणाली. हिशेबात तिची चूक नव्हती.

तवा समोरच्या त्रिपुरसुंदरी मामींकडे गेला होता. लाल चिठ्ठीचं सगळंच मामींकडे गेलं होतं. त्यांचा नियम असा की भोगीला फेकावं जरूर, पण आधी आपल्याला दाखवावं. सायकल त्यांना ओलं धोतर वाळत घालायला सोयीची वाटली. तवा त्यांनी बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीखाली पाणी गळू नये म्हणून ठेवला. आमच्या घरातला पसारा हळूहळू समोर सरकला आणि मामी आम्हाला म्हणू लागल्या, "एन्नम्मा, तुमचं घर किती मोठं दिसायला लागलं!" (मामी तमिळमध्ये बोलतात आणि मी माझ्या तमिळमध्ये. तेव्हा ते सारं इथे मराठीतच सांगितलेलं बरं. मामींचा मान राहील आणि माझी अब्रूही.) भाकऱ्या त्या दिवशी डोशाच्या नॉनस्टिक तव्यावर झाल्या. नाव भाकरी होतं, वळण डोशाचं होतं.

घर संपलं तेव्हा ऑडिटर जिन्यात उतरली. तळमजल्यावर गुरुराज राव राहतात. ते तंजावरकडचे मराठी, बँकेतून निवृत्त झालेले, आणि आमच्या इमारतीच्या असोसिएशनचे सेक्रेटरी. त्यांची स्कूटर जिन्याखाली गेली कित्येक वर्षं उभी आहे. तिला चालवत कोणी नाही, पण रोज सकाळी पुसतात. प्राचीने तिला लाल चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी सूचना फलकावर टाइप केलेली, सही-शिक्क्याची सूचना झळकली: रहिवाशांनी आपापले जपानी उपक्रम आपापल्या दाराच्या आत ठेवावेत. इमारतीत जपानी उपक्रम असलेलं घर एकच होतं. मी तशी हळू बोलणारी बाई, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानंतर मी जिना मान खाली घालून उतरत होते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी जपानला क्षमा केली असती. पण मग प्राची माझ्या देवघरासमोर येऊन उभी राहिली.

"देवघर सोडून," मी म्हटलं.

"बाबांच्या फॅक्टरीत कुठलाच एरिया सोडत नाहीत."

"त्या एरियात देव नसतात."

"आहेत," हे पेपरातून म्हणाले. "मशीनशॉपमध्ये मुरुगनचा फोटो आहे. त्याच्यावरची धूळसुद्धा ऑडिटला आली होती."

आता खरं सांगायचं तर देवघरात गर्दी झालीच होती. इथे कोणीही कुठल्याही क्षेत्राला गेलं की प्रसादाबरोबर एखादा देव आणून देतं, आणि देवाला नको कसं म्हणायचं? शनिवारी संध्याकाळी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्या निमित्ताने देव घासायचेच होते. तेव्हा मी अट घातली. सकाळी माझी पूजा होऊन जाईल, मग मुलींनी आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून यावं, आणि मी समोर बसेन.

देवघरातल्या मुख्य माणसाची ओळख इथे करून द्यायला हवी. आमच्या लग्नात ज्या सुपारीवर गणपतिपूजन झालं, ती सुपारी सासूबाईंनी चेन्नईला निघताना माझ्या ओंजळीत घातली आणि म्हणाल्या, "हा तुझा गणपती. ह्याला उपाशी ठेवू नकोस." तेव्हापासून रोज ह्याला स्नान घालायचं, दूर्वा वाहायच्या, अथर्वशीर्ष म्हणायचं, आणि मगच तोंडात घोटभर चहा घ्यायचा, असा माझा नेम आहे. रोजच्या दुधा-तुपाने तो चिंचोक्यासारखा काळाभोर आणि गुळगुळीत झाला आहे. बाकीचे देव पितळेचे, चांदीचे, हातपाय असलेले. हा नुसता ताटलीतल्या तांदळावर बसलेला, ह्याला सोंड नाही की कान नाहीत, पण घरात काहीही कमीजास्त झालं की मी आधी ह्याच्याकडेच बघते.

तर शनिवारी जेवणं झाल्यावर चिंच लावून देव घासायला घेतले. प्राचीने नियम सांगितला, "एका जातीच्या वस्तू एका ठिकाणी." उदबत्त्या एका डब्यात गेल्या, वाती दुसऱ्यात. मग तिने सुपाऱ्यांची मोहीम काढली. देवघराच्या खणात, माझ्या पर्समध्ये, ह्यांच्या स्क्रूड्रायव्हरच्या पेटीत, कपाटातल्या पैठणीच्या घडीत, जिथे हात घालावा तिथे सुपारी. आपल्याकडे माणूस प्रत्येक समारंभातून नारळ आणि सुपारी घेऊन परततं. नारळाची बर्फी होते. सुपारीचं काहीच होत नाही, ती नुसती साठते. त्या सगळ्या एका डब्यात गेल्या आणि डब्यावर 'सुपारी' अशी चिठ्ठी लागली. मी कौतुकाने बघत होते तेवढ्यात मामींनी दारातून हाक मारली. चिंचेने घासलेल्या देवांना लगेच विभूती लावून कोरडं करावं, नाहीतर डाग पडतात, हे सांगायला त्या आल्या होत्या. सांगता सांगता त्यांच्या नात्यातल्या एका डाग पडलेल्या लक्ष्मीची कथा निघाली, तिथून एका डाग पडलेल्या लग्नाची. मी परत आले तेव्हा मुलींनी देवघर चकाचक मांडून ठेवलेलं होतं. माझा ऊर भरून आला. भराभर देवांवर फुलं वाहिली आणि हळदीकुंकवाच्या तयारीला लागले. संध्याकाळी दिवा लावला तोही बायका यायच्या घाईत, झेंडू-शेवंतीच्या राशीसमोर.

हळदीकुंकू झोकात झालं. तिळगूळ, वाण म्हणून छोटे प्लास्टिकचे डबे (प्राचीने आधीच चिठ्ठ्या लावून ठेवलेले), आणि इथल्या रीतीप्रमाणे प्रत्येकीला पान-सुपारीची पिशवी. सुपाऱ्या अर्थात त्या डब्यातल्या. आपण हुशारीने सुपाऱ्यांचा निकाल लावला म्हणून मी खूश. मामींनी पिशवीत बघून नाक मुरडलं. "अख्खी? अख्खी सुपारी कोण चावतं गं? दात कोणाचे आहेत?" तरी घेतली. नाही कोणी म्हणत नाही.

रविवारी सकाळी न्हाऊन पूजेला बसले. कालचं निर्माल्य उचललं. ताटलीत तांदूळ होते. तांदळात गणपती नव्हता.

मी देव हलवून पाहिले. अन्नपूर्णेच्या मागे पाहिलं, बाळकृष्णाला उचलून पाहिलं. बिचारा रांगत होता तसाच रांगत राहिला. मग मी प्राचीला हाक मारली. हळूच मारली, पण कशी मारली कोण जाणे, ती धावत आली.

"बाळा, तांदळावरची सुपारी?"

प्राचीचा चेहरा पांढरा पडला. "सगळ्या सुपाऱ्या... डब्यात..."

डब्यात तळाला चार-दोन उरल्या होत्या. सगळ्या खरखरीत आणि फिक्या. बाकीच्या इमारतभर गेल्या होत्या, पानाच्या पिशव्यांतून, माझ्याच हातांनी, वर 'या हं पुन्हा' म्हणून.

हे दाढी अर्धवट टाकून आले आणि म्हणाले, "घाबरू नकोस. आपण 'व्हाय-व्हाय' करू. पाच वेळा 'का' विचारायचं, मूळ कारण सापडतं. गणपती का गेला?"

"सुपाऱ्यांबरोबर वाटला गेला म्हणून."

"का वाटला गेला?"

"त्यांच्या डब्यात होता म्हणून."

"डब्यात का होता?"

"जपानमुळे," मी म्हटलं.

तिसऱ्याच 'का'ला मूळ कारण सापडलं, पण ह्यांना ते आवडलं नाही. ते दाढी करायला परत गेले.

माझ्या चहाचा कप ओट्यावर निवत होता. मी चहा घेणार नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं. तापात, प्रवासात, दोन्ही बाळंतपणांत जमेल तसा, पण हा नेम मी मोडला नव्हता. प्राचीने तो कप बघितला, तिचं दूध सिंकमध्ये ओतलं आणि म्हणाली, "मीपण नाही. सापडेपर्यंत."

"तुला कशाला? तुझा नेम नाही."

"चूक माझी आहे ना?" वडिलांसारखी हट्टी आणि माझ्यासारखी नेमाची. असं मिश्रण देवाने कोणाला देऊ नये.

कौमुदीने मात्र दूध प्यायलं, प्राचीच्या वाटणीची इडली खाल्ली आणि फडकं घेऊन आमच्याबरोबर निघाली. कुठे चाललोय असं विचारलं. सुपारी शोधायला, असं सांगितलं. "बरं," म्हणाली.

पहिलं दार मामींचं. त्यांच्याकडे रविवारी सकाळी साडेदहालाच जेवण होतं. दार उघडंच होतं. समोर झोपाळ्यावर मामींचे यजमान दिनकर मामा बसले होते, तृप्त, पोटावरून हात फिरवीत. डाव्या हातात पानाची तबकडी. उजव्या हातात अडकित्ता. अडकित्त्यात सुपारी.

मी आयुष्यात मोठ्याने बोलल्याचं मला आठवत नाही. माझे वडील म्हणायचे, ह्या मुलीचं नाव विद्युल्लता ठेवलं ते नाव वाया गेलं. त्या दिवशी ते वसूल झालं.

"थांबाऽऽ!"

शुद्ध मराठीत ओरडले. मामांना मराठी येत नाही, पण झोपाळ्यासकट थांबले. अडकित्ता हवेत, तोंड उघडं. वरच्या मजल्यावरची दारं धडाधड उघडली. मी पदर सावरत पुढे झाले, मामांच्या अडकित्त्यातून सुपारी काढून घेतली आणि उजेडात धरली. फिकी. खरखरीत. आपली नव्हे.

"चोर आला का?" मामी आतून उलथनं घेऊन धावत आल्या.

मी सगळं सांगितलं. गणपतीला तमिळमध्ये म्हणतात तो 'पिळ्ळैयार' हा शब्द निघाला तशा मामी मटकन खाली बसल्या. "अय्यय्यो! पिळ्ळैयारला कातरत होतात?" त्या मामांवर ओरडल्या. मामा म्हणाले, "मला कसं कळणार? मला तर जेवणानंतर पान लागतं एवढंच कळतं." त्यांना ते पान मिळालं नाही. मामींनी पानाची तबकडीच जप्त केली.

तिथून पुढे मोहीम मामींच्या हातात गेली. त्यांनी फोन फिरवले. दहा मिनिटांत माझ्या दारात बायकांची रांग. प्रत्येकीच्या हातात एक सुपारी आणि प्रत्येकीला खात्री. "काल रात्री ही माझ्या कपाटात चमकत होती," एकजण म्हणाली. दुसरीच्या नवऱ्याची गुडघेदुखी काल पिशवी घरात आल्यापासून थांबली होती, तेव्हा तिचीच असणार. ताट सुपाऱ्यांनी भरलं. मी एकेक हातात घ्यायची, अंगठा फिरवायची, मान हलवायची. प्रत्येक वेळी प्राची माझ्या तोंडाकडे बघायची आणि मग जमिनीकडे.

"अजून कोण राहिलं?" मामींनी विचारलं.

राहिल्या होत्या गुरुराज रावांच्या तुळसीबाई. जपानी उपक्रमानंतर त्या घराची पायरी चढताना मी मामींना पुढे केलं. पण गुरुराज रावांनी दार उघडलं, सारं ऐकून घेतलं आणि त्यांच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "तें काय म्हणजे अम्मा, गणपति सुपारींत बसून राहत नाहीं. आपण बोलावितों तेव्हां येतों. दुसरी सुपारी ठेवा, बोलवा, येईल. मज विचाराल तर इतकेंच."

शास्त्र त्यांचं बरोबर होतं. पण रोज ज्याच्याशी बोलायचं त्याला शास्त्राने कसं बदलायचं? माझा चेहरा पाहून ते खाकरले आणि त्यांनी आत हाक मारली.

तुळसीबाई आल्या त्या कपाळावर हात मारीतच. त्यांनी आपली पिशवी सकाळीच त्यांच्या थोरल्या अक्काला दिली होती. अक्का दुपारच्या गाडीने त्रिचीला चालल्या होत्या. त्या एव्हाना एग्मोर स्टेशनवर पोचल्या असतील. आणि अक्कांना पान खायची सवय होती.

"दात?" मामींनी मुद्द्याचं विचारलं.

"सगळे आहेत," तुळसीबाई म्हणाल्या. "घट्ट."

आम्ही ऑटो पकडली. मी, हे आणि दोघी मुली. निघताना गुरुराज रावांनी गाडीची वेळ, फलाट, डबा सारं एका दमात सांगितलं आणि म्हणाले, "स्कूटर चालू असती तर मींच सोडलों असतों." हे मला खूप लागलं.

ऑटोवाल्याने आधी नेहमीसारखी घासाघीस सुरू केली. पण ह्यांनी काय झालं ते सांगितल्यावर त्याने समोरच्या काचेवर चिकटवलेल्या पिळ्ळैयारला हात लावून नमस्कार केला, आणि त्यानंतर एग्मोर येईपर्यंत सिग्नल ही गोष्ट त्याने मानली नाही. माझे डोळे मिटलेले, ओठांवर अथर्वशीर्ष. पोटात काही नसल्यामुळे ते फार आतून येत होतं.

फलाटावर गर्दी. पोंगलची सुट्टी संपवून परतणारी माणसं, उसाच्या मोळ्या, रडणारी पोरं. धावताना मला भोवळ आली आणि मी एका खांबाला टेकले. एक रेल्वे पोलीस आला.

"काय झालं अम्मा? काही हरवलं?"

"गणपती," मी म्हटलं.

"सोन्याचा?"

"नाही हो."

"चांदीचा? पंचधातू?"

"सुपारी," मी म्हटलं.

तो अतिशय मऊ आवाजात म्हणाला, "तिकडे पिण्याचं पाणी आहे अम्मा. आधी थोडं प्या." त्याच्यात वाईट काही नव्हतं. पण एका प्रतिष्ठित कुटुंबातल्या बाईला भर एग्मोर स्टेशनवर खुळी समजावं, आणि तिने पाणीसुद्धा पिऊ नये, ही अवस्था कोणावर येऊ नये.

अक्का प्राचीला सापडल्या. खिडकीत बसल्या होत्या, तोंड लाल.

"पान खाल्लें," अक्का म्हणाल्या. "चुना होता, तंबाखू होती. सुपारी तेवढी नाहीं खाल्ली. अख्खी सुपारी कोण देतं, पिल्ले? घरीं जाऊन कोणाला तरी देईन म्हटलें." आणि त्यांनी कमरेची दोरीची थैली सोडून खिडकीतून सुपारी माझ्या हातावर ठेवली.

फिकी. खरखरीत.

गाडी हलली. अक्का खिडकीतून हात हलवीत ओरडल्या, "मिळाला ना गणपति?" आणि माझ्या तोंडून "हो" गेलं. त्या माउलीला प्रवासभर काळजी नको म्हणून.

परतताना तोच ऑटोवाला होता. त्याने आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी सावकाश चालवली. प्राची माझ्या खांद्याला टेकली होती. ओठ कोरडे, डोळ्यांखाली काळं. बारा वर्षांची पोर, सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. मी म्हटलं, "बाळा, उसाचा रस घेतेस?" तिने मान हलवली. "तुझं झाल्यावर."

तिथे माझं मन हललं. माझा नेम माझ्यापुरता होता, तो मी कितीही ताणला असता. पण सासूबाई म्हणाल्या होत्या की ह्याला उपाशी ठेवू नकोस, त्यात पोरीला उपाशी ठेव असं कुठे आलं? घरी पोचल्यावर हातपाय धुतले, देवघरासमोर बसले आणि प्राचीला म्हटलं, "त्या ताटातली कोणतीही एक सुपारी उचल आणि इथे तांदळावर ठेव. गुरुराज राव म्हणाले तसं करू. बोलावू. येईल."

"पण आई, तो तोच नसेल."

"नसेल," मी म्हटलं. ताट तिच्यापुढे सरकवलं.

प्राचीने ताट कितीतरी वेळ न्याहाळलं आणि एक उचलली. दारात मामी, तुळसीबाई, गुरुराज राव, मागे पान न मिळालेले दिनकर मामा, सगळे उभे. प्राची ती सुपारी तांदळावर ठेवणार, एवढ्यात मागून कौमुदीचा आवाज आला. ती शोकेस पुसत होती.

"ताई, बाप्पाच्या जागेवर सुपारी का ठेवतेस? त्याला राग येईल ना."

मी वळले. "कौमू... बाप्पा कुठे आहे?"

"हा काय. सगळ्या बाप्पांत."

आमच्या बैठकीच्या शोकेसमध्ये ह्यांना कोणीतरी भेट दिलेला गणपतींचा क्रिकेटचा संघ आहे. चेन्नईत हे फार चालतं. अकरा गणपती, कोणी फलंदाज, कोणी यष्टिरक्षक, सोंड वर करून झेल घेणारा एक. शेजारी लॅपटॉप घेतलेला गणपती, लोळणारा गणपती, मोटारीच्या डॅशबोर्डवरचा गणपती. काल हळदीकुंकवाच्या साऱ्या बायका त्याच शोकेसखाली बसून तिळगूळ खाऊन गेल्या होत्या. आणि क्रिकेटच्या मैदानावर, बरोब्बर मधोमध, काळाभोर, गुळगुळीत, पायाखाली कापसाची छोटीशी गादी घेऊन माझा गणपती बसला होता.

"हा?" हे ओरडले. "हा मी काल पाहिला! मला वाटलं हरवलेला चेंडू सापडला!"

"चेंडू नाही तो," कौमुदी दुखावून म्हणाली. "अंपायर आहे. तो पळत नाही, बोलत नाही आणि सगळे त्याचंच ऐकतात." मग ताईकडे वळून, "तूच म्हणालीस ना, एका जातीचे एका ठिकाणी?"

"अगं पण सकाळपासून आम्ही शोधतोय! तू सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सुपारी शोधत होतात," कौमुदी म्हणाली आणि फडकं पिळायला आत गेली.

रोज त्याच्यापुढे डोळे मिटणारी मी, आणि तो हरवल्यावर मी त्याला पहिल्यांदा शोधलं ते सुपारीच्या डब्यात. त्या पोरीच्या मनात तो डबा आलाच नाही.

गुरुराज रावांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "ही मोठी होऊन सेक्रेटरी होईल."

मग पूजा झाली. अशी पूजा माझ्या हातून पूर्वी झाली नव्हती आणि पुढे होईल असं वाटत नाही, कारण अथर्वशीर्ष मी म्हणत होते आणि मागे मामी हुंदक्यांचा ठेका धरत होत्या. त्यानंतर मी प्राचीच्या तोंडाला पेला लावला आणि मगच माझ्या. मामींनी दहीभाताचं पातेलं आणलं. आम्ही दोघी जमिनीवर बसून पातेल्यातूनच खाल्लं. प्रोसेस ओनरने आणि ऑडिटरने.

ताटातल्या सुपाऱ्यांचा प्रश्न उरला होता. परत न्यायला बायका तयार होत्या, पण कातरायला कोणी तयार होईना. दिवसभर ज्या सुपारीला आपण गणपती समजलो तिला आता अडकित्ता कसा लावायचा? शेवटी प्रत्येकीने आपापली नेली आणि आपापल्या देवघरात ठेवली. त्या दिवसापासून आमच्या इमारतीत घरोघर सुपारीचा गणपती आहे. दिनकर मामांना पान मिळतं, पण आत सुगंधी बडीशेप असते. ते जिन्यात भेटले की माझ्याकडे एकदा बघतात आणि बडीशेप चघळत वर जातात.

पुढच्या रविवारी ह्यांनी अखेरचं ऑडिट घेतलं. माझी पूजा आटोपली होती. कौमुदी आली, गणपतीला दोन्ही हातांनी उचललं आणि शोकेसकडे निघाली. टीव्हीवर भारताची मॅच होती. संध्याकाळी दिव्याच्या आधी आणून ठेवते म्हणाली.

"हे चालणार नाही," हे म्हणाले. "एका वस्तूला एकच जागा. दोन जागा म्हणजे सिस्टिमच कोसळली."

कौमुदी थांबली. "बाबा, बाप्पा वस्तू आहे?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाती वळत होते, मान वर केली नाही. त्यांनी प्राचीकडे पाहिलं. ऑडिटर म्हणाली, "बाबा, मला तरी ह्यात काही दोष दिसत नाही."

ह्यांनी कॅलेंडर भिंतीवर पुन्हा सुलट्या बाजूने टांगलं. तिथे जपान संपला. मॅच त्या दिवशी आपण हरलो, पण अंपायर संध्याकाळी वेळेवर घरी आला.

तवा मात्र अजून मामींच्या कढीपत्त्याखालीच आहे. मागायला गेले की मामी म्हणतात, "वर्षातून एकदाच लागतो ना तुला? मग भोगीला ये."